चवथीपूर्वी खोली रंगवायची आहे, पण एक भिंत ओली आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यातील एका गृहस्थांना वडिलोपार्जित चिऱ्यांच्या घरातील पुढची खोली, म्हणजे दरवर्षी जिथे गणपती बसतो ती, चवथीपूर्वी स्वतःच्या हाताने रंगवायची आहे. खोली १४ फूट बाय १२ फूट, उंची १० फूट, वर स्लॅब. दोन भिंती जुन्या चुन्याच्या गिलाव्याच्या असाव्यात असा त्यांचा अंदाज आहे, उरलेल्या दोन स्लॅब घालताना सिमेंटने केलेल्या आहेत. पश्चिमेकडील जुन्या भिंतीचा खालचा तीनेक फुटांचा पट्टा पोपडे धरून सुटला आहे आणि तिथून पांढरी पूड झडते. दारे-खिडक्या फणसाच्या लाकडाच्या असून त्यांच्यावर तैलरंगाचे कित्येक थर आहेत. पुट्टी भरावी की थेट रंग द्यावा, भिंती आधी की दारे आधी, आणि रंग किती आणावा, असे त्यांनी विचारले आहे. हाताशी साधारण सहा आठवडे आहेत.

फोंडा आणि डिचोली भागात घरे रंगवण्याची कामे मी बरीच वर्षे करतो आहे, आणि आषाढ-श्रावणात मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न याच धर्तीचे असतात. विचारणारा रंगाविषयी विचारतो, पण अडचण पाण्याची असते. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. पश्चिमेची भिंत चवथीपूर्वी पक्क्या रंगाने रंगवू नये. बाकीच्या तीन भिंती, स्लॅबचा तळ आणि लाकूडकाम आपण अवश्य करावे. पश्चिमेच्या भिंतीला आता केवळ चुन्याचे हात द्यावेत आणि तिचे खरे काम फेब्रुवारीनंतर हाती घ्यावे.

कारण असे. चिरा सच्छिद्र दगड आहे आणि जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतील पाणी भिंतीतून वर चढते, त्यात विरघळलेले क्षार सोबत येतात, आणि पाणी जिथे बाहेर पडून वाळते तिथे ते क्षार स्फटिक होऊन साचतात. आपण जिला पांढरी पूड म्हणता ती हीच, तिला आपल्याकडे लोणा म्हणतात. चुन्याच्या गिलाव्यावर चुन्याचाच हात असेल तर पाणी पृष्ठभागातून निघून जाते आणि थोडी पूड झडण्यापलीकडे फारसे काही बिघडत नाही. त्याच गिलाव्यावर प्लास्टिक इमल्शन (भिंतीचा पाण्यावरचा रंग) किंवा तैलरंग चढवला की बाहेर पडण्याची वाट बंद होते, स्फटिक रंगाच्या पापुद्र्यामागे वाढू लागतात आणि तो पापुद्रा गिलाव्याचा थर घेऊन सुटतो. आपल्या भिंतीवर बहुधा हेच झाले आहे. तिथे पुट्टी भरली तर सुटणारा थर केवळ अधिक जाड होईल.

गिलावा चुन्याचा आहे की सिमेंटचा याची खात्री आधी करून घ्यावी, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. स्विचबोर्डाजवळ किंवा कपाटामागे, जिथे दिसणार नाही अशा जागी, खिळ्याने रंग खरवडावा. चुन्याचा गिलावा मळकट पांढरा दिसतो, खिळा सहज आत जातो आणि मऊ भुकटी पडते. सिमेंटचा गिलावा करडा असतो, खिळा घसरतो आणि बोटाने ठोकल्यास आवाज टणक येतो. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून फेस येतो का ते पाहावे असे काही जण सुचवतात, पण जुन्या सिमेंटच्या पृष्ठभागावरही फेस येतो, त्यामुळे त्या परीक्षेवर विसंबू नये.

त्यानंतर पाणी कुठून येते ते पाहावे. पट्टा जमिनीपासून सुरू होऊन जवळपास सारख्या उंचीवर थांबत असेल तर ओल खालून चढते आहे. डाग मध्येच असेल, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका उतरत असेल, तर बाहेरच्या गिलाव्यात तडा आहे. बाहेरून भिंतीचा तळ मातीच्या शिंतोड्यांनी लाल झालेला असेल तर वरून पडणाऱ्या पाण्याचे शिंतोडे भिंतीवर उडत आहेत. तिन्ही कारणे एकत्र असणेही नवे नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि वाऱ्याबरोबर तो पश्चिमेच्या अंगावर येतो. जुने लोक त्या बाजूला पावसाळ्यापूर्वी चुडतांचे झाप बांधत ते उगाच नव्हे. आपण यंदा त्या भिंतीला बाहेरून ताडपत्री लावू शकलात, मात्र ती भिंतीला चिकटवून न लावता हातभर पुढे, तर तिच्या वाळण्याला आतापासूनच मदत होईल.

आता चवथीपुरते त्या भिंतीचे काय करावे, ते सांगतो. सुटलेला सगळा रंग पत्तीने काढावा आणि पोपड्याच्या कडेपाशी न थांबता, चांगल्या दिसणाऱ्या भागातही वीतभर वर जावे. पांढरी पूड कोरड्या, ताठ ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून बाहेर टाकावी. ती ओल्या फडक्याने पुसू नये, कारण पाण्यात विरघळून क्षार पुन्हा आत जातात आणि आठवड्याने तिथेच उगवतात. सुटा गिलावा निघून खड्डा पडला तर तो चुना आणि बारीक रेतीच्या मिश्रणाने भरावा, सिमेंटने नव्हे. नंतर भिजवून गाळलेल्या चुन्याचे, दुधाइतके पातळ, तीन हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर एक दिवस जाऊ द्यावा. ओल्यात चुना लावल्यावर भिंत आधी काहीच लावले नसल्यासारखी दिसते आणि वाळताना पांढरी होत जाते, त्यामुळे पहिल्याच दिवशी दाट करण्याचा मोह टाळावा. दाट चुना वाळून तडकतो. तो पक्का धरावा म्हणून काही जण त्यात मीठ घालतात. ज्या भिंतीचा त्रासच क्षारांचा आहे तिथे हे मुळीच करू नये. घालायचेच तर थोडा डिंक घालावा. चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. आणखी एक गोष्ट: चुना इमल्शनवर धरत नाही, म्हणून त्या भिंतीच्या वरच्या भागातील जुने इमल्शन घट्ट असेल तर ते तसेच ठेवून चुना केवळ उघड्या पट्ट्यावर द्यावा. रंगाची सीमा दिसेल, पण मखराचे कापड किंवा एखादा पडदा तेवढे झाकू शकतो.

तीन फुटांचा खराब भाग तोडून तिथे वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा करा, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच, किंबहुना दिलाही असेल. हा उपाय एक-दोन पावसाळे चांगला दिसतो. आतले पाणी मात्र आतच असते. पुढून वाट बंद झाली की ते अधिक वर चढते, आणि तीन फुटांवरचा पट्टा पाच फुटांवर जातो. ज्या घरांत असे सिमेंट लावून नंतर काढावे लागले, तिथे चिऱ्याचा पृष्ठभागही सोबत सोलून आलेला मी पाहिला आहे. या भिंतीसाठी खर्च करायचाच असेल तर तो बाहेरच्या बाजूला करावा: छपराच्या कडेला पन्हळ, भिंतीलगत साठलेली माती उपसून जमिनीची पातळी आतल्या फरशीपेक्षा खाली नेणे, आणि पाणी घरापासून दूर जाईल असा उतार देणे.

बाकीच्या तीन भिंतींपैकी दोन सिमेंटच्या आहेत आणि तिथे इमल्शनला हरकत नाही. तिसरी चुन्याची भिंत जर आतली असेल, पावसाला उघडी नसेल आणि तिच्यावर लोणा नसेल, तर तिच्यावर आज जो रंग टिकला आहे त्याच जातीचा द्यावा. ओलीविषयी शंका असल्यास हातभर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव असेल तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला असेल तर ते केवळ हवेतील दमटपणाचे आहे.

जुना रंग किती घट्ट आहे हे पाहण्यासाठी तळहात जोराने भिंतीवर फिरवावा. हाताला पूड लागली तर खाली डिस्टेंपर किंवा चुना आहे आणि तो खरवडून, धुऊन, वाळवून मगच पुढे जायचे. पूड लागत नसेल तर ब्लेडने बारीक फुली मारून तिच्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. रंगाचे तुकडे आले नाहीत तर तो पाया म्हणून चालेल. अशा घट्ट रंगाच्या भिंतीवर सरसकट पुट्टी भरण्याचे कारण नाही. तडे आणि खिळ्यांची भोके भरावीत, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने भिंत हलकी घासावी, पुसावी, प्रायमरचा एक हात द्यावा आणि रंगाचे दोन हात. सफेद सिमेंटची पुट्टी उघड्या गिलाव्यावर धरते, जुन्या रंगावर नाही. तिथे भरायचे तर ॲक्रिलिक पुट्टी वापरावी, आणि तीही पातळ. आरशासारखी गुळगुळीत भिंत हवी असा आग्रह असेल तर तो कोरड्या ऋतूपर्यंत राखून ठेवावा. या दिवसांत पुट्टीचे जाड थर वरून वाळलेले दिसतात आणि आत ओलेच राहतात.

दोन प्रकारचे डाग मात्र वेगळे हाताळावे लागतात. एक बुरशीचे काळे ठिपके. बाजारातले ब्लीच एक भाग आणि पाणी तीन भाग असे मिश्रण लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, मग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावे. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही द्रव्य, विशेषतः संडास धुण्याचे ॲसिड, मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. दुसरा डाग जिथे गणपती बसतो तिथला. समईची काजळी आणि तेलाचा धूर यांचा पिवळसर-काळा पट्टा तिथे वर्षानुवर्षे चढलेला असतो, आणि पाण्याच्या प्रायमरवर तो हमखास फुटून येतो. पांढऱ्या इमल्शनचे चार हात दिले तरी पिवळी छाया दिसतेच. तिथे धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने काजळी काढावी, दोनदा साध्या पाण्याने पुसावे, आणि वाळल्यावर त्या भागापुरता टर्पेंटाइनवर पातळ होणारा प्रायमर द्यावा. त्यावर इमल्शन चालते.

पावसात इमल्शन लावता येते का, याचे उत्तर दिवसागणिक बदलते. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर लावू नये, हा धंद्यातला सर्वसाधारण दंडक आहे, आणि आपल्याकडे जुलैमध्ये असे दिवसच अधिक असतात. उघडीप पडलेला दिवस निवडावा, सकाळी अकराच्या आत सुरू करू नये आणि चारनंतर नवा हात धरू नये. पंखा लावून ठेवावा, पण त्याचा झोत थेट ओल्या रंगावर नको. दोन हातांमध्ये डब्यावर चार तास लिहिलेले असले तरी या ऋतूत एक रात्र जाऊ द्यावी. एवढे करूनही कधी कधी नव्या रंगावर तपकिरी, किंचित चिकट ओघळ दिसतात आणि घरमालक घाबरून जातो. दमट हवेत रंग सावकाश वाळला की त्यातील साबणासारखी द्रव्ये पृष्ठभागावर येतात, एवढेच ते असते. आठवड्याने ओल्या फडक्याने पुसले की जातात.

लाकूडकामाविषयी आपण एका ओळीत विचारले आहे, पण या खोलीत खरी मेहनत तिथेच आहे. आधी एक इशारा. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. आपल्या दारांवरचे बहुतेक थर त्याआधीचे असणार, म्हणून त्यांत शिसे आहे असे धरूनच चालावे. ते थर कोरडे घासून धूळ उडवू नये आणि ब्लोलॅम्पने जाळून तर मुळीच काढू नयेत. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासावा, खाली प्लास्टिक अंथरावे, निघालेला गाळ कागदात गुंडाळून वेगळा ठेवावा, तोंडाला मास्क बांधावा आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या काळात खोलीत येऊ देऊ नये.

सगळे थर काढण्याची गरज नसते. जो रंग घट्ट आहे तो राहू द्यावा, त्याची चकाकी १८० आणि मग २२० नंबरने मारावी, आणि सुटलेल्या जागांच्या कडा घासून उतरत्या कराव्यात. भेगा आणि खोबणी लांबीने भराव्यात. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचे तेल; ती तयार मिळते, पण बोटाने दाबल्यावर तेल सुटेल इतकी सैल असेल तर थोडी पूड घालून मळून घ्यावी, नाहीतर वाळताना खचते. भरलेल्या जागा वाळल्यावर पुन्हा घासून लाकडाच्या प्रायमरचा हात द्यावा. वरचा रंग तैल एनॅमल घ्यावा की पाण्यावरचा, हे आपल्या सोयीवर आहे. तैल एनॅमल या हवेत सावकाश वाळते, वास अधिक असतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पांढरा रंग काही वर्षांत पिवळा पडतो. पण फटकारे जुळून येतात, त्यामुळे नवशिक्याचा हातही त्यात बरा दिसतो. पाण्यावरचे एनॅमल लवकर वाळते आणि पांढरेपणा राखते, मात्र जुन्या तैलरंगावर घासल्याशिवाय आणि प्रायमरशिवाय धरत नाही. खालचा थर कोणत्या जातीचा आहे हे कळत नसेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस तिथे घासावा: रंग मऊ होऊन कापसाला लागला तर पाण्यावरचा, नाही लागला तर तैलरंग.

पावसात फुगून घासणारे दार रंधून घेण्याची घाई करू नये. आज रंधलेले दार एप्रिलमध्ये फट दाखवते. त्यापेक्षा एक छोटा आरसा दाराखाली सरकवून खालची कड पाहावी. तिथे बहुधा कोरे लाकूड दिसेल, कारण रंगारी ती कड कधीच रंगवत नाहीत, वरचीही नाही, आणि लाकडाच्या टोकाकडून पाणी सर्वांत जास्त शोषले जाते. शक्य असेल तर दार बिजागऱ्यांवरून उतरवून दोन्ही कडांना प्रायमर आणि रंग द्यावा, मात्र त्याआधी दार दोन-चार कोरडे दिवस आत उभे करून ठेवावे. खिडक्यांच्या लोखंडी गजांचा गंज तारेच्या ब्रशने काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा. या हवेत रात्रभर उघडे ठेवलेले लोखंड सकाळी पुन्हा लाल झालेले असते.

आता आधी काय आणि नंतर काय. दोन्ही पद्धतींनी काम करणारे चांगले रंगारी आहेत, त्यामुळे माझीच बरोबर असा दावा नाही. स्वतः काम करणाऱ्याला मी असे सुचवतो: घासणे, खरवडणे, भरणे ही सगळी धुळीची कामे भिंतींची आणि लाकडाची एकदमच उरकावीत. मग खोली झाडून-पुसून स्लॅबचा तळ रंगवावा. त्यानंतर लाकडाला प्रायमर आणि रंगाचा पहिला हात. चौकटीजवळ तो भिंतीवर थोडा गेला तरी चालतो, कारण नंतर भिंतीचा रंग त्यावर येणार आहे. पुढे भिंतींचे दोन्ही हात, आणि अगदी शेवटी लाकडाचा दुसरा हात. चौकटीची कड सरळ येण्यासाठी मास्किंग टेप लावायचा तर तो नव्या एनॅमलवर नव्हे, वाळलेल्या भिंतीवर लावावा, आणि रंग ओला असतानाच हळूच काढावा. नव्या एनॅमलवर लावलेला टेप निघताना रंग घेऊनच निघतो.

रंगाचा हिशेब असा. चार भिंतींची एकूण लांबी ५२ फूट, उंची १०, म्हणजे ५२० चौरस फूट. दोन दारे आणि दोन खिडक्यांचे साधारण ८० वजा केले तर ४४०. पश्चिमेची भिंत वगळली तर याहूनही कमी. प्रायमर दिलेल्या भिंतीवर मी लिटरला एका हाताचे सुमारे १०० चौरस फूट धरतो. डब्यावरचा आकडा याहून मोठा असतो, पण तो सपाट भिंतीचा आणि सराईत हाताचा असतो. पश्चिमेची भिंत १४ फुटांची असेल तर उरलेल्या तीन भिंतींचे साधारण ३०० चौरस फूट, म्हणजे दोन हातांना सहा लिटर. चार लिटरचा एक डबा आणि लिटरचे दोन डबे पुरतात. स्लॅबच्या तळाला १६८ चौरस फुटांसाठी चार लिटरचा वेगळा पांढरा डबा. लाकूडकामाला, केवळ आतल्या बाजूने, दोन ते अडीच लिटर एनॅमल.

वेळेचे बंधन शेवटच्या टोकाला आहे. एनॅमल हाताला लागत नाही याचा अर्थ ते कडक झाले असा नव्हे. त्याला या ऋतूत दोन आठवडेही लागतात. म्हणून लाकडाचा शेवटचा हात चवथीच्या किमान पंधरा दिवस आधी संपवावा, तोवर दारे पूर्ण बंद करू नयेत, आणि झडप चौकटीला टेकते त्या कडेवर थोडी टाल्कम पावडर चोळावी म्हणजे ती चिकटणार नाही. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीच्या, कड्या रंगाने बुजू देऊ नयेत, आणि माटोळीची दोरी नव्या चौकटीवरून ओढली जाणार असेल तर मध्ये कापडाची घडी ठेवावी.

रंगाच्या छटेचा क्रमांक डब्याच्या झाकणावरून वहीत उतरवून ठेवावा. पश्चिमेची भिंत फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळेल तेव्हा प्लास्टिकची परीक्षा पुन्हा करावी. दव आले नाही तरीही ती भिंत चुन्याची आहे हे लक्षात ठेवून तिच्यावरचे जुने इमल्शन पूर्ण काढावे आणि चुन्यातच रंगद्रव्य मिसळून बाकीच्या भिंतींशी जुळणारी छटा करून घ्यावी. छटा तंतोतंत जुळणार नाही. म्हणून रंग नेहमी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात न्यावा, आणि पूर्ण भिंतीला पुरेल एवढा चुना एकाच बादलीत कालवावा.